फ्रीजमध्ये मध्यरात्री 'चर्र' कोण करतं?

तोक्योचा निशिकासाई भाग म्हणजे भारतीय आयटीवाल्यांचं गाव. पुण्या-मुंबईची मराठी घरंही तिथे भरपूर. समजा, त्यातलं एखादं नवंकोरं बिऱ्हाड. सामान लागलं, वरणभात झाला, दिवे मालवले. आणि रात्री दोनच्या सुमारास स्वयंपाकघरातून आवाज आला : 'चर्रर्र'. कुणीतरी फोडणी दिल्यासारखा! गॅस बंद, घरात तिसरं कुणी नाही. जाऊन पाहावं तर आवाज फ्रीजमधून येतोय. थंड करायच्या यंत्रात फोडणी?

घाबरू नका. फ्रीजसोबत आलेल्या पुस्तिकेत याचं उत्तर छापलेलं असतं. जपानी पुस्तिकांमध्ये 'हे आवाज बिघाडाचे नव्हेत' अशा अर्थाची एक यादीच असते, आणि ती चक्क ध्वनीनुसार लावलेली असते. 'पिशि' म्हणजे आतलं प्लॅस्टिक तापमान बदलल्यामुळे आकसलं-फुगलं. 'पोको पोको' म्हणजे नळीतून गॅस वाहतोय. 'जूऽ' म्हणजे वितळलेल्या बर्फाचं पाणी तापलेल्या हीटरवर पडलं. नादानुकारी शब्दांत जपानी भाषा मराठीच्या तोडीस तोड आहे, म्हणून भाषांतर सोपं : कट्ट, बुडबुड आणि चर्र.

मला त्यातला तिसरा आवाज फार आवडतो. कारण 'फ्रॉस्ट-फ्री' या शब्दाची सगळी गंमत त्यात आहे.

बर्फ होतो, फक्त दिसत नाही

फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये बर्फाचा थर साचतच नाही, असं आपण समजतो. साफ चूक. तो साचतो, रोज साचतो. फक्त तुमच्या आइस्क्रीमच्या डब्याभोवती न साचता मागच्या पाटीआड लपवलेल्या अतिथंड नळ्यांवर साचतो. पंखा त्या नळ्यांवरून हवा खेचतो आणि सगळ्या कप्प्यांत खेळवतो. मग दिवसातून एक-दोनदा यंत्र गुपचूप थंडावा थांबवतं, नळ्यांखालचा हीटर काही मिनिटं लावतं आणि साचलेलं सगळं वितळवून टाकतं. पाणी एका बारीक नळीतून खाली कॉम्प्रेसरजवळच्या ताटलीत उतरतं. कॉम्प्रेसर गरम असतोच, त्याच्या उबेवर ते वाळून हवेत जातं. तुम्ही झोपलेले असता.

म्हणजे 'बर्फमुक्त' हे नाव जरा फसवंच. 'स्वतःचं स्वतः आवरणारा' म्हणायला हवं होतं.

एवढा बर्फ येतो कुठून? आपल्याच स्वयंपाकघरातून. तीस अंशांच्या दमट दिवशी एक घनमीटर हवेत तीस ग्रॅमपर्यंत बाष्प मावतं. उणे अठरा अंशांना तीच हवा जेमतेम ग्रॅमभर पेलते. दार उघडलं की बाहेरची हवा आत शिरते, आणि जास्तीचं बाष्प पाणी न होताच थेट स्फटिक होऊन चिकटतं. तोक्योचा ऑगस्ट मुंबईच्या जूनला लाजवेल असा चिकट असतो. त्या दिवसांत पोरं दर दहा मिनिटांनी दार उघडून नुसती बघत उभी राहिली, तर रात्रीची फोडणी मोठी होणारच.

सुरीचे दिवस

जपानी दुकानात फ्रीजचे दोन पंथ असतात. 'चोकुरेइ' म्हणजे थेट गार करणारा, आपला जुना एकदारी फ्रीज त्याच जातीचा. आणि 'कानरेइ' म्हणजे पंख्याने आडमार्गाने गार करणारा, तोच फ्रॉस्ट-फ्री. पहिल्या पंथाच्या वाट्याला 'शिमोतोरी' येते. शिमो म्हणजे दहिवर, तोरी म्हणजे काढणं.

मराठी घरात या शिमोतोरीला नाव नव्हतं, पण विधी होता. रविवारी सकाळी दूध संपवायचं, फ्रीज बंद करायचा, खाली जुनी चादर अंथरायची, फ्रीझरमध्ये गरम पाण्याचं पातेलं ठेवायचं आणि बसून राहायचं. ज्यांना बसवत नसे ते उलथनं घ्यायचे. आमच्या घरातल्या एका थोर व्यक्तीने उलथन्यावर न भागून सुरी घेतली होती. 'फुस्स' असा आवाज आला आणि गॅसबरोबर फ्रीजही गेला. तो आवाज कुठल्याच पुस्तिकेच्या यादीत नाही. अजूनही थेट गार करणारा फ्रीज वापरत असाल तर थर अर्धा-एक सेंटिमीटर झाला की वितळवा, आणि सुरी कांद्यासाठीच ठेवा. थर वाढू देण्यात फायदा नाही : बर्फ हाच नळ्यांवरचा स्वेटर होतो, मग कॉम्प्रेसर धावतो आणि मीटरही.

दहिवरावर जीव जडलेला माणूस

घरातल्या दहिवराला हाकलणाऱ्या याच देशात एक माणूस दहिवर वाढवत बसला होता. उकिचिरो नाकाया, होक्काइदो विद्यापीठातले भौतिकीचे प्राध्यापक. त्यांना प्रयोगशाळेत हिमकण बनवायचा होता. सहा पाकळ्यांचा, आकाशातून पडतो तसाच. अडचण अशी की स्फटिक धरायला काहीतरी धागा हवा, आणि सुती किंवा रेशमी धागा टांगला की त्याच्यावर नुसता दाट पांढरा थर माजायचा. तुमच्या फ्रीझरमध्ये माजतो तसाच. शेवटी जमलं ते सशाच्या केसावर. १२ मार्च १९३६ रोजी थंडगार खोलीत एका केसाच्या टोकाशी माणसाने बनवलेला पहिला हिमकण उमलला. इशिकावा प्रांतातल्या कागा या त्यांच्या गावी आता बर्फाचं संग्रहालय आहे. इमारत आराता इसोझाकी यांची.

तेव्हा पुढच्या वेळी मटारच्या पिशवीवर पांढरी लव दिसली, तर वैतागण्याआधी क्षणभर भिंग धरून पाहा.

तीन रत्नं आणि ७२० येन

जपानच्या राजघराण्याची तीन पवित्र चिन्हं : आरसा, तलवार आणि रत्न. १९५० च्या दशकात मध्यमवर्गाने थट्टेत ती पदवी दुसऱ्याच त्रिकुटाला बहाल केली : धुलाई यंत्र, फ्रीज आणि कृष्णधवल टीव्ही. आपल्याकडे हुंड्याच्या याद्यांत 'फ्रीज, टीव्ही, स्कूटर' आले, तसलाच प्रकार, पण निदान तिथे हे नवरा-बायको स्वतःच्या पगारातून घेत.

त्याआधीची गोष्ट अधिक चमत्कारिक. शिबाउरा कारखान्याने, म्हणजे आजच्या तोशिबाच्या पूर्वजाने, १९३० साली जपानी बनावटीचा पहिला घरगुती विजेचा फ्रीज तयार केला. १९३३ मध्ये तो विक्रीला आला. क्षमता १२५ लिटर, वजन १५७ किलो, डोक्यावर पगडीसारखा गोल कॉम्प्रेसर, आणि किंमत ७२० येन. तेवढ्यात तेव्हा छोटंसं घर उभं राहत असे! घर घ्यावं की फ्रीज, असा प्रश्न पडायचा. आणि फ्रीज घेतला तर तो ठेवायचा कुठे? बाकीच्यांकडे लाकडी पेटी असे. वरच्या कप्प्यात बर्फवाल्याने आणून दिलेली लादी, खालच्या कप्प्यात मासळी.

१९६५ च्या सुमाराला निम्म्या जपानी घरांत फ्रीज आला होता. पुढच्या दहा वर्षांत तो नसलेलं घर शोधावं लागे. (भारतात बनलेला पहिला फ्रीज गोदरेजचा, १९५८ चा. आणि आज पुणे-नगर रस्त्यावर फ्रीजचे मोठमोठे कारखाने जिथे आहेत, त्या गावाचं नाव काय असावं? रांजणगाव. गार पाण्याचा वारसा असा चालवावा.)

सहा दारांचा वाडा

जपानी स्वयंपाकघर अरुंद, पण फ्रीजला दारं पाच-सहा. वर फ्रेंच खिडकीसारखी दोन दारं, कारण रुंद दार उघडलं तर मागे उभ्या माणसाला भिंतीत जावं लागेल. खाली बर्फाचा खण, भाजीचा खण, फ्रीझरचा खण. शार्पने १९८९ साली एक दार डावीकडूनही उघडेल आणि उजवीकडूनही, असं बनवून आणलं. घर बदललं, भिंत दुसऱ्या बाजूला आली, तरी चिंता नाही.

हे सगळं फ्रॉस्ट-फ्रीमुळे शक्य झालं. थेट गार करायचं तर प्रत्येक खणाला स्वतःच्या नळ्या हव्यात. पंख्याची हवा असली की एका कारखान्यातून सहा खोल्यांना पुरवठा करता येतो, प्रत्येक वाटेवर झडप बसवून. भाजीला सहा-सात अंश, दुधाला तीन-चार, मासळीला शून्याच्या आसपास. पॅनासॉनिकच्या एका प्रसिद्ध खणात उणे तीन अंश असतात : मांस अर्धवट गोठतं, तरी सुरीने सरळ कापता येतं. शिवाय पंख्यामुळे कोपऱ्याकोपऱ्यात सारखी थंडी, वास एका डब्यात कोंडून न राहणं, आणि वर्षानुवर्षं फ्रीझरची जागा न आक्रसणं, हे फायदे आहेतच. जुन्या फ्रीझरमध्ये दिवाळीपर्यंत फक्त एक ट्रे मावायची जागा उरायची, आठवतंय ना?

हीटर आणि ज्वलनशील गॅस शेजारी शेजारी

आता जरा अंगावर येणारी गोष्ट. ओझोनला भोक पाडणारे जुने गॅस गेले, त्यांच्या जागी आलेले तापमानवाढ करणारे निघाले. मग जर्मनीत १९९३ मध्ये सुरुवात झाली आणि २००२ मध्ये जपानी कंपन्यांनी घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन भरायला घेतला. हा गॅस लायटरमधल्या गॅसचा सख्खा भाऊ. निसर्गाला निरुपद्रवी, पण पेटतो! आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रीजच्या पोटात तर रोज हीटर लागणार. गळती झाली तर?

तर उत्तर असं की अभियंत्यांनी हीटरच नव्याने घडवला. काचेच्या नळीला बाहेरून दुसरी काचेची नळी, म्हणजे वरचा पृष्ठभाग गॅस पेटण्याच्या तापमानाच्या बराच खाली राहतो. थंड करण्याच्या शास्त्रात अख्खी लढाई गरम करणाऱ्या तुकड्यावर झाली, ही मला या सगळ्या कहाणीतली सर्वात चटकदार गोष्ट वाटते.

कोयाचा टोफू, चायना ग्रास आणि तुमची वाळकी पोळी

फ्रॉस्ट-फ्रीचा एक दुर्गुण कबूल करायला हवा. ही हवा कोरडी. नळ्यांनी तिच्यातलं बाष्प आधीच ओढून घेतलेलं असतं, म्हणून ती जिथे जाईल तिथून ओलावा मागते. उघडी ठेवलेली पोळी पापड होते, कोथिंबीर मान टाकते, आणि फ्रीझरमध्ये विसरलेले बर्फाचे तुकडे महिन्याभरात बारीक होतात. बर्फ पाणी न होताच उडून जातो. मांसावर पांढरे-तपकिरी रखरखीत डाग पडतात, त्याला जपानीत 'रेइतो-याके' म्हणतात : शब्दशः, गोठून भाजणं.

पण याच दुर्गुणावर जपानने दोन पदार्थ उभे केले. वाकायामातल्या कोयासान या डोंगरी तीर्थक्षेत्री, म्हणतात, कुणा भिक्खूचा टोफू कडाक्याच्या रात्री बाहेर राहिला. गोठला, मग वितळून वाळला, आणि स्पंजासारखा हलका होऊन बसला. तोच कोया-दोफू. महिनोन्‌महिने टिकतो आणि भिजवला की रस्सा पिऊन टम्म फुगतो. (कोयासान हे नाव मराठी वाचकाला वेगळ्या कारणानेही माहीत असेल : तिथल्या विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, सप्टेंबर २०१५ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याचं अनावरण केलं.)

दुसरा पदार्थ तर आपल्या घरातलाच. सतराव्या शतकात क्योतोजवळच्या फुशिमीत मिनो तारोझाएमोन नावाच्या खाणावळवाल्याने उरलेली समुद्रशेवाळाची जेली हिवाळ्यात बाहेर टाकली, अशी आख्यायिका आहे. ती रात्री गोठली, दिवसा वाळली, आणि पांढऱ्या कुरकुरीत काड्या उरल्या. जपानीत 'कानतेन'. आपण वाण्याकडे मागतो ते चायना ग्रास! चीनचं नाव, जपानची कहाणी. नागानोतल्या चिनो भागात आजही कानतेन हिवाळी शेतांवर उघड्यावर गोठवून वाळवतात.

टोफू-कानतेन बनवायचे नसतील, तर झाकण लावा. पोळ्या फडक्यात आणि वर डब्यात. मांस-मासळी पिशवीत घालून हवा दाबून काढा. जपानी गृहिणी उरलेला भात गरम असतानाच एका वेळेपुरता चपटा करून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळते, वाफ आतच राहते, आणि निवला की फ्रीझरमध्ये. चपटा गठ्ठा पटकन गोठतो, पटकन तापतो. आपला भातही असाच चांगला राहतो, करून पाहिलंय.

लाड थोडे, पण वेळेवर

दहिवर काढायचं काम सुटलं म्हणून निगा सुटत नाही. हवेची तोंडं मोकळी ठेवा. मागच्या जाळीला पातेलं टेकवलं की खालचा कप्पा गरम आणि जाळीजवळची काकडी गोठलेली, हा विनोदी प्रकार घडतो. जपानमध्ये वीजबचतीचा पढवलेला मंत्र आहे : फ्रीजचा कप्पा मोकळा, फ्रीझर गच्च. फ्रीजमध्ये हवा फिरायला हवी. फ्रीझरमध्ये गोठलेल्या वस्तूच एकमेकींना गार ठेवतात. २०११ च्या भूकंपानंतर विजेची टंचाई आली, तेव्हा थंडीचा खटका 'जास्त'वरून 'मध्यम'वर आणा, असंही लोकांना सांगितलं गेलं.

दाराचं रबर कोमट साबणपाण्याने पुसा. कागद अडकवून ओढा, तो सहज निसटला तर रबर सैल झालं. भाजीच्या खणाखाली पाणी साचू लागलं तर बहुधा नळीचं तोंड तुंबलेलं असतं. आणि फ्रॉस्ट-फ्रीमध्ये मागच्या भिंतीवर बर्फ दिसू लागला, तर तो फ्रॉस्ट-फ्रीच राहिलेला नाही : हीटर, सेन्सर किंवा दार, कुणीतरी संप केलाय. चोवीस तास बंद ठेवून पाहा, तरी परत आला तर मेकॅनिक.

नव्या फ्रीजची उष्णता बाजूंनी आणि वरून जाते, म्हणून बऱ्याच जपानी पुस्तिका बाजूंना निदान अर्धा आणि वर पाच सेंटिमीटर जागा सोडायला सांगतात. वर पोळपाट, चाळण्या आणि मागच्या वर्षीचं कॅलेंडर ठेवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

सगळ्यात उलटं वाटणारा सल्ला बर्फ बनवणाऱ्या खणाचा. टाकीत महागडं बाटलीतलं पाणी घालू नका, नळाचंच घाला! जपानमध्ये नळाच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक असणं कायद्याने सक्तीचं आहे. बाटलीतल्या पाण्यात ते नसतं, मग टाकीत बुरशी लवकर धरते. टाकी आठवड्याला धुवायची.

आणि हे सगळं एकदम करायचा मुहूर्त ठरलेला : डिसेंबरअखेरची ओसोजी, म्हणजे महास्वच्छता. नवं वर्ष स्वच्छ घरात यावं म्हणून. आपली दिवाळीआधीची साफसफाई, फक्त फराळाचा वास वजा.

फ्रीजआधीचा फ्रीज

७२० साली पूर्ण झालेल्या 'निहोन शोकी' या इतिहासग्रंथात बर्फाच्या तळघराचा, 'हिमुरो'चा उल्लेख आहे. (७२०! येनचाही आकडा तोच होता. योगायोग, बाकी काही नाही.) कानाझावाजवळ युवाकु या गरम झऱ्यांच्या गावात आजही जानेवारीअखेर अशा खोलीत बर्फ भरतात आणि ३० जूनला उघडतात. एदोच्या काळात, म्हणजे लष्करी सत्ताधीश शोगूनच्या राजवटीत, इथलं कागा संस्थान त्याला उन्हाळ्यात बर्फ पाठवायचं. खोली उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी, १ जुलैला, कानाझावात सगळे हिमुरो-मांजू नावाचा गोड बन खातात. बर्फ नव्हे, बन. बर्फ शोगूनचा.

एकोणिसाव्या शतकात योकोहामात विकला जाणारा बर्फ अमेरिकेतल्या बॉस्टनहून जहाजाने येत असे. नाकागावा काहेई नावाच्या व्यापाऱ्याला हे सहन होईना. ठिकठिकाणी प्रयत्न फसल्यावर १८७० च्या आसपास त्याने हाकोदातेच्या चांदणीच्या आकाराच्या गोर्योकाकू किल्ल्याच्या खंदकातला बर्फ कापून आणला आणि बॉस्टनवाल्यांना टक्कर दिली. तो बॉस्टनचा बर्फ मुंबईलाही यायचा, १८३० च्या दशकापासून. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत त्याचं आइस्क्रीम दिलं आणि पाहुण्यांना सर्दी झाली, असा किस्सा सांगतात.

काही सुटे तुकडे

जपानमध्ये गोठवलेल्या खाद्यपदार्थांचा दिवस आहे : १८ ऑक्टोबर. 'रेइतो' म्हणजे गोठवणं, त्यातला 'तो' दहासाठीही चालतो, म्हणून दहावा महिना. आणि तारीख उणे अठरा अंशांवरून.

जपानची वीज १०० व्होल्टची, पण पूर्वेला ५० हर्ट्झ आणि पश्चिमेला ६०. एकोणिसाव्या शतकाअखेर तोक्योने जर्मन जनित्रं घेतली, ओसाकाने अमेरिकन, आणि ते भांडण आजतागायत मिटलेलं नाही. आजच्या इन्व्हर्टर फ्रीजला त्याने काही फरक पडत नाही. पण तो पुण्याला आणून आपल्या २३० व्होल्टच्या खोबणीत लावाल, तर मात्र पडेल.

जुना फ्रीज टाकायचा तर तिथे पैसे मिळत नाहीत, द्यावे लागतात. २००१ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार पुनर्वापराचं शुल्क टाकणाऱ्यानेच भरायचं, आणि नेण्याचा खर्च वेगळा. 'भंगारवाल्याने किती दिले?' हा प्रश्न जपानी माणसाला समजावून सांगताना भलतीच कसरत होते.

भाड्याच्या घरात फ्रीजखाली पारदर्शक जाड चटई घालतात, घर सोडताना फरशीवर वण दिसू नये म्हणून. जिना अरुंद असेल तर फ्रीज क्रेनने गॅलरीतून येतो. आणि घर बदलायचं ठरलं की सामान नेणारी कंपनी आधीच बजावते : आदल्या दिवशी फ्रीज बंद करा, रिकामा करा, 'मिझुनुकी' करा. म्हणजे पाणी काढा. मग मागची किंवा खालची ती ताटली बाहेर येते. रोज रात्री चर्र करून जे पाणी खाली उतरत होतं, त्यातलं वाळायचं राहिलेलं वाटीभर तिच्यात असतं. ते मोरीत ओतायचं, ताटली पुसायची, आणि खाली ट्रकवाला हॉर्न वाजवत असतो.